निवृत्तीला चौदा महिने आणि हातात पुन्हा कॅमेरा

आमच्या गल्लीतले एक काका गेल्या उन्हाळ्यात गेले. तीस वर्षं हडपसरच्या एका कंपनीत मशीनवर उभं राहून काम केलेला माणूस. निवृत्त होऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. जलदानविधीचा दिवस ठरला. पत्रिका छापायची, चौकात फलक लावायचा, तर फोटो हवा. घरात शोधाशोध सुरू झाली. पोरांच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी फोटो, पण बापाचा धड एक नाही. कुठे हळदीच्या गर्दीत अर्धा खांदा, कुठे पंगतीत वाढताना वाकलेली पाठ. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. चेहरा पाण्यात भिजल्यासारखा पुसट. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हे असे नव्हते हो."

मी त्यांच्या समोरच्या घरात सव्वीस वर्षं राहते. एके काळी मला कॅमेरा चांगला चालवता यायचा. एवढ्या वर्षांत काकांना उंबऱ्यावर बसवून एक फोटो काढावा, असं मला कधी सुचलं नाही.

आमच्याच घरात हे आधी एकदा घडलं होतं. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोरं घेऊन पुण्याला आली. लोकांच्या शेतात खुरपलं, डोक्यावर विटा वाहिल्या. १९९६ साली ती गेली, तेव्हा तिचा एकच फोटो होता, नव्याने आलेल्या मतदार ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून भिंतीवर लावला. बाबासाहेबांचा फोटो त्याच भिंतीवर किती स्वच्छ दिसतो! बाबासाहेबांचा चष्मा, कोटाची घडी, सगळं दिसतं. आजीचे मात्र डोळेही ओळखू येत नाहीत. माझ्या मुलांना पणजी कशी दिसायची हे ठाऊक नाही.

मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. काका गेले तेव्हा माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पुढे काय करायचं, हा प्रश्न तेव्हा मनात रोज घोळत होता. या दोन गोष्टी एकमेकींना कशा येऊन भिडल्या, ते या वेळच्या आरोग्य पानावर सांगायचं आहे.

बारा फोटोंचा रोल

१९८५ साली मी बारावीला होते. माझा मामा एका फोटो स्टुडिओत मदतनीस होता. त्याच्याकडे मालकाने दिलेला जुना आग्फा क्लिक-थ्री होता. बडोद्याला तयार होणारा हा साधा काळा कॅमेरा तेव्हा बऱ्याच घरांत दिसायचा. भिंगाजवळ ऊन आणि ढग यांच्या खुणा. तेवढं बघायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे दाबायच्या आधी माणूस दहा वेळा बघायचा. उजेड कुठून येतोय, मागे दोरीवर कपडे तर नाहीत, समोरच्याने डोळे तर मिटले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी मामा मला स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत न्यायचा. लाल दिवा, तीन ट्रे आणि औषधांचा आंबट वास. पांढरा कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रे हलकेच हलवत राहायचा. आधी केस उमटायचे, मग डोळे, मग हळूहळू सगळा चेहरा. नंतर तो कागद हायपोमध्ये टाकायचा, म्हणजे चित्र पक्कं व्हायचं. आजही कोणी मला जादू म्हटलं की तोच ट्रे आठवतो.

त्या स्टुडिओतली एक गोष्ट मात्र मला खटकायची. सावळ्या, काळ्या माणसाचा चेहरा न विचारता उजळ करून द्यायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे, छापताना वेळ कमी-जास्त करायचे. मामाला विचारलं तर म्हणाला, "गोरं केलं की गिऱ्हाईक खूश असतं." एकदा एक बाई आपलाच फोटो हातात घेऊन म्हणाली, "ही कोण?" सगळे हसले. तीही हसली. मला काही हसू आलं नाही.

पुढे नर्सिंगचा कोर्स, नोकरी, लग्न, रात्रपाळ्या, दोन मुलं. रोल घ्यायचा आणि धुवून आणायचा तर आठवड्याच्या दुधाचे पैसे जायचे. कॅमेरा माळ्यावर गेला. एका पावसाळ्यात पत्रा गळून ट्रंकेत पाणी शिरलं. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या. सोडवायला गेले तर चित्रच सोलून निघालं. ते सगळं भंगारात दिलं. नंतर मोबाइल आला. त्यावर बटण खूप दाबलं, पण मामाने शिकवला तसा फोटो तीसेक वर्षांत एकही काढला नाही.

निवृत्तीनंतर काय होतं?

दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारी माणसं मी रोज बघते. नोकरीत असतात तेव्हा म्हणतात, "सिस्टर, जरा लवकर, पाळी चुकेल." तीच माणसं निवृत्त झाली की दोन तास आधी येऊन बसतात. नंबर झाला, गोळ्या मिळाल्या, तरी बाकावरून उठत नाहीत. घरी जाऊन करायचं काय?

नोकरी सुटली की पगार थांबतो, हे सगळ्यांना कळतं. त्याच्यासोबत आणखी काय काय जातं, ते कोणी मोजत नाही. उठायची ठरलेली वेळ जाते. गाडीतळापर्यंतचं चालणं जातं. चार जणांबरोबरचा चहा जातो. "हे कसं करायचं, सांगा जरा," असं विचारायला येणारं कोणी राहत नाही. बस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा गड्यामाणसाला बसायला जागा नसते. मग कट्टा. कट्ट्यावर तंबाखू, पत्ते, आणि काहींच्या बाबतीत पुढची पायरी. हालचाल कमी झाली की साखर वाढते, रक्तदाब वाढतो, झोप बिघडते.

बाईचं वेगळं. नोकरीतून निवृत्ती मिळते, घरातून मिळत नाही. नातवंडं, धुणं, स्वयंपाक चालूच राहतो. दिवस भरतो, पण त्यात तिचं स्वतःचं असं काही नसतं.

माझे पती दोन वर्षांपूर्वी कंपनीतून निवृत्त झाले. पहिला महिना झोपले. दुसऱ्या महिन्यात घरातले सगळे नळ, बिजागऱ्या, स्विच दुरुस्त केले. तिसऱ्या महिन्यात दुरुस्तीचं काही उरलं नाही आणि टीव्ही सुरू झाला. विचारलं तर एका शब्दात उत्तर. त्यांची साखर वाढली तेव्हा मी गोळी बदलून आणली. पण त्यांच्याकडे बघताना मला माझीच भीती वाटू लागली. 'सिस्टर' म्हणून हाक मारणारं कोणी नसेल, तेव्हा मी कोण असेन?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मोफत आहे. कॅमेरा, भजन, बागकाम यांपैकी कोणताही छंद या उपचारांची जागा घेत नाही.

उंबऱ्यावरचा उजेड

काकांच्या जलदानविधीनंतरच्या रविवारी मी शेजारच्या आजींकडे गेले. वय त्यांनाच ठाऊक नाही, ऐंशीच्या आसपास असावं. म्हटलं, "आजी, तुमचा फोटो काढायचाय." त्या म्हणाल्या, "म्हातारीच्या तोंडाचं काय करायचंय? नातीचा काढ."

पहिले चार-पाच फोटो बिघडले. आजी आत बसलेल्या, मागे उघडी खिडकी. खिडकी पांढरीफटक आणि चेहरा काळा. मी ओशाळले. मग मामाचं बोलणं आठवलं. उजेड माणसाच्या तोंडावर पाहिजे, तुझ्या तोंडावर नाही. आजींना उंबऱ्याशी स्टूलवर बसवलं, तोंड दाराकडे केलं आणि मी बाहेर गल्लीत उभी राहिले. पत्र्याच्या घरात सगळ्यात चांगला उजेड दारातूनच येतो. तो मऊ असतो, सुरकुती न् सुरकुती दिसते आणि कोणी डोळे बारीक करत नाही.

आजी बोलायला लागल्या. आज मगरपट्ट्यात काचेच्या इमारती आहेत, तिथे तेव्हा शेती होती. तिथल्या उसात त्यांनी खुरपणी केली होती. पानाने हात कसे कापायचे, ते त्या दोन्ही हात पुढे करून दाखवत होत्या. माझा श्वास आपोआप थांबला आणि बोट दाबलं गेलं. तीस वर्षांपूर्वीची सवय हातात अजून शाबूत होती. घरी येऊन तो फोटो मी किती वेळ बघितला, सांगता येणार नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

तेव्हापासून रविवारची सकाळ कॅमेऱ्याची. कधी कालव्याच्या कडेने चालत जाते, कधी भाजी उतरायच्या वेळी मंडईत. लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडर आवाज न करता डोक्यावरून जायची. आम्ही पोरं त्यांच्यामागे धावायचो. आता आभाळाकडे मान वर करून बघायची सवय पुन्हा लागली आहे.

आषाढी वारीच्या पालख्या हडपसरला येतात. इथून तुकारामांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते आणि ज्ञानेश्वरांची दिवे घाटाने सासवडला जाते. त्या दिवशी आमची मदत केंद्रावर ड्युटी असते. दिवसभर पायांचे फोड धुवायचे आणि पट्ट्या बांधायच्या. वीस वर्षं मी ते पाय फक्त जखम म्हणून बघितले. या वेळी काम संपल्यावर एका मावशींना विचारून त्यांच्या पायांचा फोटो काढला. भेगा, माती, चांदीचं जोडवं आणि त्यावर मी बांधलेली पांढरी पट्टी. माझ्या नोकरीचा माझ्याकडे असलेला हा पहिला फोटो. रुग्णाचा फोटो मी एरवी कधीच काढत नाही. दवाखान्यात तो काढू नये, हे आमचं शिक्षणच आहे. मावशींनी मात्र हौसेने पाय पुढे केला.

डोक्याला कामाला लावणारा छंद

हे सगळं मनाच्या समाधानापुरतं आहे, की त्याचा तब्येतीलाही काही उपयोग होतो? यावर अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांचे गट केले. एका गटाला डिजिटल फोटोग्राफी शिकवली. दुसऱ्याला आपल्या गोधडीसारखं तुकडे जोडून शिवायचं काम शिकवलं. तिसऱ्याला दोन्ही. आणखी एका गटाने एकत्र जमून गप्पा, खेळ, सहली केल्या, पण नवीन अवघड असं काही शिकलं नाही. एका गटाने घरी बसून संगीत ऐकणं, शब्दकोडी सोडवणं अशी सोपी कामं केली. आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने. म्हणजे आपल्या एका वर्षावासाएवढा काळ.

शेवटी चाचणी घेतली, तेव्हा नवीन कौशल्य शिकलेल्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. फोटोग्राफी शिकणाऱ्यांमध्ये ती विशेष दिसली. नुसत्या गप्पांच्या किंवा घरबसल्या कामांच्या गटात तसा फायदा झाला नाही.

याचा अर्थ कॅमेरा हे विसराळूपणावरचं औषध आहे, असा काढू नका. अर्थ एवढाच, की वेळ घालवणं आणि शिकणं यांत फरक आहे. जे करताना सुरुवातीला चुकतं, डोकं खाजवावं लागतं, पुन्हा करून बघावं लागतं, ते मेंदूला कामाला लावतं. तुम्हाला गोधडी आधीच येत असेल तर मोबाइल शिका. मोबाइल येत असेल तर गोधडी शिका. वयाचा अडसर मनातून काढा. जपानच्या कुमामोतोमधल्या किमिको निशिमोतो या आजी वयाच्या ७२ व्या वर्षी मुलाच्या वर्गात फोटो काढायला शिकल्या. पुढे त्यांच्या फोटोंची प्रदर्शनं भरली, जगभर नाव झालं. आणि आपल्याला इतक्या लांबही जायला नको. एवढ्या कामाच्या ओझ्यात बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. ते व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ठेवलं आहे. मुलांना घेऊन जाऊन बघा.

उलट उदाहरणही सांगते. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांनी १९७० साली, साठीही आली नसताना, कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. त्यानंतर त्या चाळीसहून अधिक वर्षं जगल्या. २०१२ साली ९८ व्या वर्षी गेल्या. त्या वर्षांत बाग केली, घरातल्या वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या. म्हणजे छंद कॅमेऱ्याचाच हवा असं नाही. हाताला आणि डोक्याला काम हवं, आणि ते आपण निवडलेलं हवं.

डोळे, गुडघे आणि मान

परिचारिका म्हणून थोडं सांगायलाच हवं.

चालणं: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीने चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसतं 'चाला' म्हटलं तर आमचे पेशंट दोन दिवस चालतात. काही बघायला, काढायला निघालेला माणूस तासभर चालतो आणि त्याला कळतही नाही. पण फोटोसाठी थांबत थांबत चालणं पूर्ण मोजू नका. जाताना भरभर चाला, येताना थांबा.

ऊन: सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर उजेड मऊ असतो. फोटोही चांगले येतात आणि उन्हाचा त्रासही टळतो. पाण्याची बाटली सोबत ठेवा. मधुमेह असेल तर रिकाम्या पोटी लांब जाऊ नका, खिशात काहीतरी गोड असू द्या.

डोळे: रंग पिवळट दिसणं, रात्री दिव्याभोवती वलय दिसणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं ही मोतीबिंदूची लक्षणं असू शकतात. आपल्याच भागात महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, ससूनमध्येही डोळ्यांचा विभाग आहे. मधुमेह असलेल्यांनी नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. जुना मोठा कॅमेरा वापरत असाल, तर डोळा लावायच्या खिडकीशेजारी बहुतेक वेळा एक छोटं चाक असतं. ते फिरवून आपल्या नंबरापुरतं जुळवता येतं. ते न जुळवता बरेच जण 'आता दिसत नाही' म्हणून कॅमेरा ठेवून देतात.

गुडघे आणि मान: लहान मुलाचा किंवा बसलेल्या माणसाचा फोटो काढायला उकिडवे बसू नका. छोटं स्टूल बाळगा. मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर धरा, मान खाली घालून तासभर राहू नका.

आपले चेहरे कोण काढणार?

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर राहून, फिरून त्यांचं जगणं कॅमेऱ्यात आणलं. गटारात उतरलेली माणसं, त्यांची घरं, त्यांच्या बायकापोरांचे चेहरे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना मला वाटलं, आपल्या वस्तीत कॅमेरा येतो तो आग लागली, पूर आला किंवा निवडणूक आली की. आपण कामावरून येऊन केस विंचरतो, दारात बसून हसतो, तेव्हा कोणी येत नाही. ते आपल्यालाच काढावं लागेल.

मामाच्या स्टुडिओतली पेन्सिल आता मोबाइलमध्ये शिरली आहे. 'ब्यूटी' नावाचं बटण बहुतेक फोनमध्ये असतं, कित्येकदा आधीच चालू असतं. ते चेहरा उजळ करतं आणि सुरकुत्या पुसतं. पहिल्यांदा ते बंद करा. आपल्या आजीचा रंग आहे तसा येऊ द्या. मी आजींना फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी बराच वेळ बघून म्हटलं, "ही मीच हाय." मला त्या स्टुडिओतली बाई आठवली.

पैशाचं काय?

निवृत्तीच्या वेळी हातात एकरकमी पैसे येतात आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे लागतात. त्यातून महागडा कॅमेरा घेऊ नका, हप्त्यावर तर मुळीच नको. आधी दवाखान्यासाठी राखून ठेवा, मग घर, मग हौस. घरात असलेला मोबाइल पुरेसा आहे. मी अजून त्याच्यावरच काढते. कोणाकडे जुना कॅमेरा माळ्यावर पडला असेल, तर आधी सेल काढा. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल गळतात आणि आतले पत्रे खातात. पावसाळ्यात दमट कपाटात भिंगाला बुरशी धरते. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा.

या रविवारपासून

१. भिंग मऊ सुती कापडाने पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलकट डागामुळे येतात.

२. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्याशी बसवा, तोंड दाराबाहेर. मागे साधी भिंत किंवा एकरंगी चादर.

३. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, म्हणजे चेहरा स्पष्ट येतो. चेहरा फार पांढरट झाला तर बाजूची उजेडाची खूण खाली ओढा. लांबून मोठा करू नका, दोन पावलं पुढे जा.

४. 'हसा' म्हणू नका. पहिली नोकरी, पहिलं घर, गाव कसं सुटलं, ते विचारा. बोलता बोलता तीन-चार फोटो काढा.

५. नाव, मूळ गाव, केलेलं काम आणि तारीख वहीत लिहा. चेहरा राहतो आणि नाव विसरतं, असंही होतं.

६. चांगला एक फोटो कागदावर छापून आणा. मोबाइल पडतो, हरवतो, भरतो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

७. विचारल्याशिवाय काढू नका आणि विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. बायकांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळा. कोणी नको म्हणालं तर तिथे थांबा.

८. शक्य असेल तर दोघं-तिघं मिळून करा. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एकमेकांचे फोटो बघायला ठेवला, तर तरुण पोरं मोबाइल शिकवतील आणि म्हातारी माणसं कोण कोणाचं ते सांगतील.

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणताही छंद आपोआप उगवत नाही. तो आधीच लावावा लागतो, निदान वर्षभर आधी. हातात पाळी असते, अंगात शिस्त असते, तेव्हा त्याची सवय लागते. ज्यांची निवृत्ती होऊन गेली आहे, त्यांनी आज सुरू करावा.

माझे चौदा महिने आता नऊ उरले आहेत. वहीत एकोणचाळीस नावं झाली. नावं मी लिहीत नाही. पहिल्या महिन्यात ह्यांना म्हटलं, "अहो, मला फोटो काढताना लिहिता येत नाही, तेवढं तुम्ही करा." टीव्ही बंद करून ते नाइलाजाने आले. गाव विचारता विचारता एका बाबांचं आणि त्यांचं खातंच एक निघालं. दोघंही एकाच कंपनीतले, वेगवेगळ्या पाळीचे. तासभर उठले नाहीत. बाकीचे सहा दिवस टीव्ही अजून चालूच असतो, खोटं कशाला सांगू? पण रविवारी सकाळी वही आणि पेन्सिल काढून ते माझ्या आधी दारात उभे असतात.

काकींच्या घरात आधार कार्डावरून केलेला तो पुसट फोटो अजून भिंतीवर आहे. तो आता बदलता येणार नाही. परवा मी काकींना उंबऱ्यावर बसवलं. त्यांनी आधी आत जाऊन लुगडं बदललं, केसांना पाणी लावलं आणि येऊन म्हणाल्या, "काढा सिस्टर. नीट काढा."